सहा आकड्यांची लेन्स

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली असं कोणी लिहिलं, की मी खाली कॉमेंट टाकायचो – "चष्म्याचा नंबर किती आहे आपला?" काही जण चिडायचे, दोघा-तिघांनी ब्लॉकही केलंय. त्या सगळ्यांना आज माझ्यावर हसायची पूर्ण मुभा आहे, कारण मी जे लिहिणार आहे ते डोळ्यांचंच आहे. आणि ते घडलं म्हणून माझा डावा डोळा आज शाबूत आहे.

भूत, करणी, बाहेरचं... यातलं काही मी मानत नव्हतो. आजही मानतो असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो.

मी बेळगावात कॅम्पमध्ये राहतो. चर्चच्या मागच्या गल्लीत, एका ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानाच्या वर. एका खोलीत आमचा संसार आणि शेजारच्या खोलीत माझं टेबल. पूर्वी लग्नाचे फोटो काढायचो. मोबाईल आले आणि नवरदेवाचा मेहुणाच फोटोग्राफर झाला, तेव्हा मी जुने कॅमेरे दुरुस्त करण्याकडे वळलो. त्यातून हळूहळू एक विचित्र काम गळ्यात पडलं – जुन्या लेन्सचं वय सांगायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेन्सच्या समोरच्या काचेभोवती एक बारीक कडी असते. तिच्यावर कंपनीचं नाव आणि एक नंबर कोरलेला असतो. जुने जर्मन कारखाने हे नंबर ओळीने टाकत जायचे. त्यामुळे कोणत्या नंबरची लेन्स साधारण कोणत्या काळात बनली, हे जगभरच्या हौशी लोकांनी जुळवून ठेवलंय. नंबर जितका लहान, तितकी लेन्स जुनी. अगदी सुरुवातीच्या नंबरांसाठी माणसं वेडी होतात. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की आमच्या ग्रुपवर उद्याच भाव चढतात.)

माझी कामाची पद्धत घड्याळवाल्यांसारखी. उजव्या डोळ्याला लूप – म्हणजे ते डोळ्यात बसवायचं भिंग – आणि डावा डोळा अर्धवट मिटलेला. लग्नाचे फोटो काढतानाही डावा मिटलेलाच, म्हणजे तीस-एक वर्षं हेच. थोडक्यात, दिवसभर माझा एकच डोळा ड्युटीवर असतो. दुसरा आहे की नाही याची मला आठवणही नसायची.

गेल्या थंडीत निपाणीहून पद्माआक्कांचा फोन आला. जैन घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. घरची पिढीजात तंबाखूची पेढी. त्यांच्या वडिलांचा एक घडीचा कॅमेरा होता, त्यांच्या जन्माच्या वर्षी घरात आलेला म्हणे. त्याचा कातडी भाता फाटून गेला, पण लेन्स आक्कांनी जपून ठेवली होती. वडील म्हणायचे, ही लेन्स आणि मी एकाच वयाचे. घरी कोणी वाढदिवसाचा विषय काढला की आधी लेन्स पुसायचे आणि मग पेढा खायचे. आता आक्कांच्या भाच्यांनी तो नंबर इंटरनेटवर शोधला आणि सांगितलं, लेन्स आजोबांपेक्षा निदान दहा वर्षांनी लहान आहे. तेव्हापासून घरात चेष्टा सुरू झाली. आजोबांचं काही सांगणं निघालं की पोरं म्हणायची, लेन्सवाली गोष्ट का?

फोनवर आक्का शांतपणे बोलत होत्या, पण शेवटी म्हणाल्या, "आमचे आप्पा उभ्या जन्मात खोटं बोलले न्हाईत वो. तुम्ही एकदा बघून सांगा. लहान असली तर लहान. मी मान्य करीन. पण जाणत्या माणसाकडनं ऐकायचंय मला."

मी म्हटलं, पाठवा. आत काचेवर बुरशीचं जाळं धरलं असेल तर साफही करून देतो.

पार्सल आलं ते दुपारी. उत्तरेच्या खिडकीतून छान सपाट उजेड टेबलावर पडलेला. माझं जेवण झालेलं, डोकं शांत. लेन्स हातात घेतली, लूप लावला आणि नंबर वाचला. सहा आकडे. शेवटचे तीन – ४१८. त्यातल्या चारच्या आडव्या रेघेतला पांढरा रंग थोडा उडालेला. सहा आकडे म्हणजे फार जुनी, त्या मॉडेलच्या अगदी पहिल्यावहिल्या लेन्सपैकी. आक्कांचे आप्पा खरं बोलत होते! मी खुशीत कागदी टेपच्या तुकड्यावर तो नंबर लिहिला आणि डबीवर चिकटवला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेन्सचं मी हेच करतो, नाहीतर डब्या बदलतात.

मग ग्रुपवर टाकायला मोबाईलवर फोटो काढला. फोटोत नंबर होता सात आकडी.

मला वाटलं, दुसऱ्याच लेन्सचा जुना फोटो उघडला. नाही, हीच लेन्स, हेच टेबल, मागे माझा चहाचा कप. परत लूप लावला. सहा आकडे. परत फोटो काढला. सात. लूप बदलला, लूप काढून नुसत्या उजव्या डोळ्याने पाहिलं, लेन्स खिडकीपाशी नेली, उलटी फिरवली... सहा. आणि नुसते सहा नाहीत, कडीवर व्यवस्थित मध्यभागी बसलेले सहा, जणू सातव्याला जागाच नव्हती.

बायकोला हाक मारली. सुमन हात पुसत आली. मी काही न सांगता तिला म्हटलं, हे वाच.

तिने वाचला. मोबाईलमधल्या फोटोतला सात आकडी नंबर तिने लेन्सवरून जसाच्या तसा वाचला.

मी म्हटलं, अगं, नीट बघ. ती म्हणाली, "नीटच बघालेय की. सात हायत. मला मोजता येतंय."

मी परत लेन्स डोळ्याजवळ नेली. सहा!

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. भुताखेताचा विचार मनात आलाच नाही. मनात आलं ते एवढंच, की उजवा डोळा गेला. ज्या डोळ्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, तो आता मला नसलेलं दाखवायला लागला. हा डोळा गेला तर मी काय करायचं? लोक काय म्हणून मला लेन्स पाठवतील? मी लेन्स डबीत ठेवली आणि सुमनला म्हटलं, दोन दिवस आराम करतो, उतरेल. डोळे शिणले असतील.

सुमनने माझी चप्पल दारात आणून ठेवली. "आराम करून आकडं वाढत न्हाईत. चला," म्हणाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण बाई, बोलण्यातला कानडी हेल लगेच कळत होता. मी सगळं उजव्या डोळ्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी दोन्ही डोळ्यांत थेंब घालायला सांगितलं. मी म्हटलंसुद्धा, डाव्यात कशाला, मी डावा वापरत नाही. सिस्टरने न ऐकल्यासारखं केलं आणि थेंब टाकले. त्या एका गोष्टीसाठी त्या सिस्टरला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो.

बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मग डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधून उजवा डोळा बघितला. मग डावा. मग परत डावा... वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. डाव्यावर त्या इतका वेळ थांबल्या की मी चुळबूळ करायला लागलो. शेवटी त्यांनी विचारलं, या डोळ्याच्या कडेला कधी चमकल्यासारखं होतं का? वीज चमकते तसं?

मी म्हटलं, होतं ना. पण ते आमच्या खालचं वेल्डिंग. डावीकडेच खिडकी आहे, सारखं चमकत असतं.

माझ्या मागे उभी असलेली सुमन म्हणाली, "वेल्डिंगवाला दिवाळीपासनं गावाला गेलाय. दुकान बंद हाय."

खरंच बंद होतं. शटर ओढलेलं मी रोज बघत होतो. रोज त्याच्यापुढून जिना चढत होतो. आणि रोज वर बसून, चमकलं की वेल्डिंग म्हणून सोडून देत होतो.

डॉक्टरांनी दिवा काढला. "नोड्री," म्हणाल्या. कानडी माणूस महत्त्वाचं सांगण्याआधी 'बघा' म्हणतोच. "उजवा डोळा चांगला हाय. तुमच्या वयाला इतका चांगला कमी बघायला मिळतो. तुम्ही उजव्याचं विचारायलाय, मी डाव्याचं सांगायलेय. डोळ्याच्या आतला पडदा फाटलाय. कडेला सुटायला लागलाय."

मी मूर्खासारखं विचारलं, मग सहा आकडे?

त्या म्हणाल्या, आकड्यांचं मला माहीत नाही. पडदा अजून मध्यापर्यंत सुटलेला नाही, आजच लेसर करू. आणखी काही दिवस असेच गेले असते तर मोठं ऑपरेशन लागलं असतं, आणि त्यानंतरही या डोळ्याला पूर्वीसारखं दिसलं असतं अशी खात्री मी दिली नसती. दुखत नाही हो हे, म्हणून माणसं उशिरा येतात. तुम्ही तर डोळा मिटूनच बसता.

लेसर त्याच दिवशी झालं. हिरवा उजेड, टिचक्या मारल्यासारखं वाटत होतं, बाकी त्रास नाही. सुमन बाहेर बसली होती. मी बाहेर आल्यावर ती रिक्षात माझा हात धरून बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कॅम्पातल्या भर रस्त्यात तिने माझा हात पहिल्यांदाच धरला असावा. मला त्या वेळी रडू आलं आणि मी थेंबांवर ढकललं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय? डोळे थकले होते, भास झाला, योगायोगाने दवाखान्यात गेलात. मीसुद्धा स्वतःला हेच सांगितलं. मला पटलंही होतं. त्यातून डॉक्टरांनी टेबलावर बसायची परवानगी दिल्यावर मी पहिली तीच लेन्स काढली, आणि उजव्या डोळ्याने, त्याच लूपमधून नंबर वाचला. सात आकडे. सुमनने वाचलेला, फोटोतला. चार नाही, उडालेला रंग नाही. परत परत पाहिलं. सातच.

म्हणजे भास होता. विषय संपला. आता आक्कांना फोन करून सांगायचं होतं, की तुमचे भाचे बरोबर आहेत. मला ते जिवावर आलं होतं. म्हटलं, निदान लेन्स लख्ख करून पाठवू, म्हणून ती खोलायला घेतली.

गिऱ्हाईकाची लेन्स खोलताना मी मोबाईल स्टँडवर लावून सलग व्हिडिओ काढतो. पुढे कोणी ओरखडा पडला म्हणून भांडू नये, यासाठी. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात दिसतं, की समोरची कडी फिरवण्याआधी तिच्या खाचांत जुनं घट्ट लाखेसारखं काहीतरी साठलेलं आहे. कित्येक वर्षांत ती कोणी हलवलेली नाही. मी तर नाहीच. स्पिरिटचा थेंब सोडून, वाट बघून, हळूहळू ती कडी सोडवली. आतली काच उचलली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या कारखान्यांत काही कारागीर एका लेन्सच्या काचा दुसरीत मिसळू नयेत म्हणून काचेच्या घासलेल्या कडेवर पेन्सिलीने नंबरचे शेवटचे आकडे लिहून ठेवत. ही कड धातूच्या आत बुडालेली असते. लेन्स खोलल्याशिवाय ती कोणालाही दिसू शकत नाही. लूपने नाही, कशानेच नाही.

मी काच उजेडाकडे धरली. कडेवर पेन्सिलीने, तिरक्या जर्मन अक्षरात लिहिलं होतं – ४१८.

मागची काच काढली. तिच्यावरही ४१८.

व्हिडिओत यानंतर बराच वेळ नुसतं टेबल दिसतं. मी सुमनला बोलवायला आत गेलो होतो. डबीवर टेपचा तुकडा तसाच होता, माझ्याच अक्षरातला, दवाखान्यात जायच्या आधी लिहिलेला. सुमनने टेपवरचं वाचलं, काचेवरचं वाचलं, आणि खुर्चीवर बसली. मग ती उठली आणि तिने चहा ठेवला.

म्हणजे मला जे दिसलं ते नसलेलं नव्हतं. तो त्या लेन्सचा खरा नंबर होता. काचा जुन्या होत्या, आणि समोरची कडी कोणीतरी मागाहून दुसऱ्या लेन्सची बसवली होती. हे दुरुस्तीवाले करतात, मीही बघितलंय. पण कडीवर न लिहिलेला, काचेच्या पोटात लपलेला नंबर मला कडीवर कसा वाचता आला? आणि त्याच एका दिवशी का, जेव्हा मला दवाखान्यात जायची सगळ्यात जास्त गरज होती? मी सात आकडे वाचले असते तर आक्कांना दोन ओळींचा मेसेज टाकला असता आणि डावा डोळा मिटून पुढची लेन्स हातात घेतली असती.

लेन्स कुरियरने पाठवायची माझी तयारी होईना. बस पकडली आणि स्वतः निपाणीला गेलो.

आक्का दारातच उभ्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. बसायच्या आधी त्यांनी बजावलं, दिवस मावळायच्या आत जेवूनच जायचं, आमच्यात नंतर चूल पेटत नाही. मी आधी लेन्सचं सांगितलं. पेन्सिलीच्या आकड्यांचे फोटो दाखवले. विचारलं, या लेन्सची कधी दुरुस्ती झाली होती का?

आक्कांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, मी लहान असताना श्रवणबेळगोळला पायऱ्यांवर आप्पांच्या हातून कॅमेरा निसटला होता. समोरचा भाग चेपला म्हणून मुंबईला पाठवला, महिने-महिने आलाच नाही. आला तेव्हा नव्यासारखा दिसत होता. आप्पा खूश झाले. कडी बदललीय हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी नंबर कधी पाहिलाच नाही. त्यांना काय, लेन्स आपलीच आहे हे माहीत होतं.

मी म्हटलं, आप्पा खरं बोलत होते. लेन्स त्यांच्याच वयाची आहे. भाच्यांना माझ्याकडे पाठवा, मी सांगतो.

आक्कांनी पदराने लेन्स पुसली. खरंतर मी ती आरशासारखी करून आणली होती, तरी पुसली.

मग मी त्यांना डोळ्याचं सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती. इतकी वर्षं लोकांना टोमणे मारलेला माणूस मी, आणि आता एका म्हाताऱ्या बाईंसमोर बसून सांगतोय की मला न लिहिलेलं दिसलं. वाटलं, या हसतील, किंवा आप्पांचा आत्मा वगैरे सुरू करतील. मला दोन्ही नको होतं.

माझं झाल्यावर आक्का म्हणाल्या, "आप्पा तुम्हाला सांगायला आले असं मी म्हणणार न्हाई. मेलेली माणसं अशी फिरत बसत न्हाईत, आमच्यात तसलं मानत न्हाईत. पण तुम्हाला खरं दिसलं. का दिसलं, ते मला ठावं न्हाई. डोळा ऱ्हायला न्हवं तुमचा?"

मी म्हटलं, राहिला.

"मग उजवा झाका," त्या म्हणाल्या. शाळेत फळ्यापाशी बोलावल्यासारखा आवाज. "झाका की. डाव्यानं बघून सांगा, मी कशी दिसते."

मी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. इतक्या वर्षांत त्या डोळ्याने एकट्याने मी कोणाकडे बघितलं नव्हतं. परसातल्या दारातून उतरतं ऊन येत होतं. आक्कांचा चेहरा सरळ, स्वच्छ दिसला. कपाळावरची आडवी रेघ, चष्म्याच्या काचेवरचा बोटाचा ठसा, आणि चष्म्याच्या आत भरून आलेलं पाणी. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, दिसतंय ना, बास झालं, आणि मला पानावर बसवून त्यांनी गरम भाकरी वाढली.

तर मंडळी, स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, माझ्या पुस्तकात असं काही नाही. लेन्सवाल्या मित्रांना विचारलं, त्यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा, मी चुका काढणार नाही. आक्कांच्या घरी डाव्या डोळ्याला त्या दिवशी जे दिसलं, त्यासाठी मी कोणाचा ऋणी आहे हे मला कळत नाही, म्हणून रोज सकाळी टेबलावर बसण्याआधी खिडकीकडे तोंड करून नुसता हात जोडतो.